‘हलके काम द्यावे’ असं लिहिण्याआधी

ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे दुखापतीनंतर किंवा आजारानंतर माणसाला रोजची कामं, नोकरी पुन्हा जमावी यासाठीचे उपचार. पण लोक विचारतात, “म्हणजे फिजिओच ना?” मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी 1950 साली हे शिक्षण सुरू केलं, तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मागे लागलेला आहे. या पेशात नव्याने येणाऱ्या तुम्हालाही चुकणार नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे चाकणचा एक प्रेस ऑपरेटर आला. उजव्या हाताची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेलेली. तीन महिने व्यायाम घेतले, पकड मोजायच्या यंत्रावर आकडा छान आला, मी खूश! चिठ्ठीवर लिहून टाकलं, ‘हलके काम द्यावे’. दुसऱ्याच दिवशी तो परत. एचआरने सांगितलं होतं, “आमच्याकडे हलकं काम नसतं. पूर्ण बरा होऊन ये.”

चूक माझीच. हलकं म्हणजे किती? मग त्याच्याकडून अख्खी शिफ्ट वदवून घेतली. पत्रा कुठून उचलतोस, किती वजनाचा, दोन्ही हातांची बटणं एकदम दाबायला उजवा तळवा पुरतो का? पुरत होता. अडत होती ती चिमूट, पत्र्याची कड धरताना. आणि भीती. प्रेसचा दणका आठवला तरी हात मागे यायचा. हे कुठल्या यंत्रावर दिसणार? दुसरी चिठ्ठी अशी: पाच किलोपर्यंत उचलेल, चिमटीचं काम नको, सहा आठवडे प्रेस नको, पॅकिंग चालेल, नंतर फेरतपासणी. सुपरवायझरने त्याला पॅकिंगला घेतलं.

पैशाचं गणितही शिकून घ्या. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, कामावरच्या दुखापतीला बरं होईपर्यंत पगाराच्या साधारण 90 टक्के मिळतात. साध्या आजारपणाला 70 टक्के, तेही वर्षात 91 दिवस. म्हणून 85व्या दिवशी “मॅडम, फिट लिहा” म्हणणारा बरा झालेला असतोच असं नाही.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 सरकारी आस्थापनांपुरतं आहे: नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, जमेल त्या पदावर त्याच वेतनश्रेणीत घ्यावं लागतं. खासगी कारखान्यातल्या माणसाला या कलमाचा आधार नाही. तिथे सुपरवायझरशी बोलणंच कामी येतं. पेशंटला विचारून बोला, आणि आजार सांगत बसू नका, काय जमेल तेवढंच सांगा.

तो ऑपरेटर अजून पॅकिंगलाच आहे. प्रेसवर परत जायचंय का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने मुलीच्या दहावीचा विषय काढला.