घरच्या प्लाझ्मा टेबलसाठी उंची राखणारे सुटे भाग: कोणत्या क्रमाने आणि कुठून घ्यावेत

प्लाझ्माच्या आर्कने पत्रा कापणाऱ्या टेबलची फ्रेम उभी राहिली, टॉर्च फिरवणारी गॅन्ट्री सरळ पळू लागली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: टीएचसी, म्हणजे टॉर्चची उंची आपोआप राखणारी यंत्रणा, कुठली घेऊ? बहुतेक जण लगेच एखादा बोर्ड ऑनलाइन मागवून मोकळे होतात. माझा आग्रह असा की बोर्ड सगळ्यात शेवटी घ्या. आपलं प्लाझ्मा मशीन काय देतं आणि टेबल चालवणारा कंट्रोलर काय घेतो, हे कळल्याशिवाय आणलेला बोर्ड बऱ्याचदा कपाटातच पडून राहतो.

उंचीची कामं दोन आहेत आणि त्यांचे भागही वेगवेगळे आहेत. पहिलं काम म्हणजे भोक पाडण्याआधी पत्रा नेमका कुठे आहे ते शोधणं. दुसरं, कट चालू असताना पत्रा तापून फुगला तरी अंतर तेवढंच ठेवणं. टीएचसीचा बोर्ड आर्कच्या व्होल्टेजवरून उंची ओळखतो आणि फक्त दुसरं काम करतो. टॉर्चच्या तोंडाशी असलेले नोझल आणि शील्ड हे भाग लवकर खराब होतात ते मात्र पहिल्या कामात हयगय झाल्यामुळे. हायपरथर्मच्या पॉवरमॅक्स ४५ एक्सपीवर साध्या लोखंडासाठी भोक ३.८ मिमी उंचीवरून पाडायचं आणि कट १.५ मिमीवरून घ्यायचा असतो. १.५ मिमीवरूनच भोक पाडायला गेलात तर वितळलेलं लोखंड उडून थेट टॉर्चच्या तोंडावर बसतं.

पायरी १: आधी मशीनची मागची बाजू बघा

मागे सीएनसी पोर्ट, म्हणजे कंट्रोलरला जोडायचं सॉकेट, आहे का? पॉवरमॅक्सवर १४ पिनांचं गोल सॉकेट मिळतं. त्यात टॉर्च चालू करण्याचा सिग्नल, आर्क पत्र्यावर पोहोचल्याचा सिग्नल आणि भागलेलं आर्क व्होल्टेज असं तिन्ही असतं. व्होल्टेज कितीने भागायचं ते आत निवडता येतं. नेहमीचं प्रमाण ५०:१.

पोर्ट नसेल तर आर्क कसा सुरू होतो ते विचारा. स्वस्तातली बरीच मशीनं हाय फ्रिक्वेन्सीने आर्क पेटवतात आणि तो झटका जवळच्या इलेक्ट्रॉनिक्सला सोसत नाही. टेबलसाठी मशीन अजून घ्यायचंच असेल, तर हवेच्या दाबाने आतले भाग विलग होऊन आर्क पेटणारं मशीन घ्या. चार पैसे जास्त गेले तरी पुढची डोकेदुखी टळते.

पोर्ट नसलेल्या मशीनमधून थेट व्होल्टेज काढायचं असेल, तर ते काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. कट नसताना तिथे ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असू शकतो, आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर काही वेळ भरलेले राहतात. भागणारे रेझिस्टर मशीनच्या आतच, वायर बाहेर पडण्याआधी बसवावेत. पाव वॅटचा साधा रेझिस्टर सहसा २५० व्होल्टपर्यंतच चालतो, म्हणून एकाच्या जागी चार-पाच मालिकेत जोडा.

पायरी २: पत्रा शोधणारं तरंगतं हेड

टॉर्चचा क्लॅम्प एका छोट्या लिनिअर रेलवर बसवायचा. टॉर्च पत्र्याला टेकली की क्लॅम्प थोडा वर सरकतो आणि स्विच बदलतो, एवढंच त्याचं काम. एमजीएन१२ या १२ मिमी रुंद रेलचा हातभर तुकडाही लागत नाही. १०० मिमी रेल आणि एक कॅरेज पुरते. टॉर्चच्या वजनाने पातळ पत्रा वाकू नये म्हणून वर एक हलकी स्प्रिंग द्या, वजनाचा बराचसा भार ती उचलेल.

स्विचसाठी एलजे१२ए३-४-झेड/बीएक्स हा इंडक्टिव्ह सेन्सर स्वस्त आणि सहज मिळणारा आहे: ६ ते ३६ व्होल्ट डीसी, एनपीएन (सिग्नल मायनसकडे ओढणारा), ४ मिमीपर्यंत लोखंड ओळखतो. तपकिरी वायर प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल. सेन्सर अशा जागी बसवा की टॉर्च मोकळी असताना लोखंडी पट्टी त्याच्यासमोर असेल आणि टॉर्च टेकली की पट्टी दूर जाईल. यामुळे वायर तुटली तर कंट्रोलरला टॉर्च टेकल्यासारखंच वाटतं आणि मशीन थांबतं. पट्टी उलट बसवली, तर वायर तुटल्याचं टॉर्च पत्र्यात घुसल्यावरच कळेल.

हाच सेन्सर थेट पत्र्याकडे तोंड करून लावण्याचा मोह टाळा. ॲल्युमिनियमवर त्याचा पल्ला बराच कमी होतो, पत्र्याच्या कडेजवळ तो चुकतो, शिवाय ठिणग्यांच्या माऱ्यात फार दिवस टिकत नाही. शील्ड पत्र्याला टेकताच सर्किट पूर्ण होणारी ओह्मिक पद्धत जास्त अचूक आहे. पण पत्र्याखाली पाणी भरलेल्या टेबलवर ओली टॉर्च तिला फसवते, त्यामुळे ती लावली तरी तरंगतं हेड जोडीला हवंच.

बसवून झाल्यावर झेड, म्हणजे टॉर्चचा वर-खाली जाणारा अक्ष, हळूहळू खाली आणा. स्विच बदलला की शून्य करा. मग कागदाची पट्टी टॉर्चखालून जेमतेम सुटेपर्यंत वर घ्या. स्क्रीनवर दिसेल तो तुमचा ऑफसेट, म्हणजे स्विच बदलणं आणि टॉर्च पत्र्याला टेकणं यांतला फरक.

पायरी ३: केबलवर पैसे वाचवू नका

साधारण हिशोब असा की उंची अर्धा मिमी बदलली की आर्कचं व्होल्टेज ५ व्होल्टने बदलतं. ५०:१ ने भागल्यावर त्या ५ व्होल्टचा उरतो फक्त ०.१ व्होल्ट. म्हणजे केबलमध्ये ०.१ व्होल्टचा गोंगाट शिरला, तर टॉर्च अर्धा मिमी चुकीच्या जागी जाणार. त्यासाठी दोन कोअरची, पीळ दिलेली शील्डेड केबल घ्या आणि केबलचं शील्ड, म्हणजे वायरींवरची तांब्याची जाळी, एकाच टोकाला अर्थ करा. दुकानात केबलचं टोक सोलून बघा. तांब्याची जाळी दाट हवी. टॉर्चच्या केबलपासून ती दूर न्या, आणि टेबलला स्वतंत्र अर्थ रॉड द्या.

पायरी ४: आर्क लागल्याचा सिग्नल

पोर्टमधून हा सिग्नल मिळाला तर प्रश्न मिटला. नसेल तर एका छोट्या प्लॅस्टिक नळीत रीड स्विच ठेवून तिच्याभोवती वर्क केबलचे, म्हणजे मशीनकडून पत्र्याला जोडलेल्या केबलचे, दोन-तीन वेढे द्या. करंट वाहू लागला की चुंबकत्वाने स्विच मिटतो. भाग अगदी स्वस्त, आणि मशीन उघडावं लागत नाही.

पायरी ५: आता बोर्ड

टेबल चालवायला लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर मेसा कंपनीचं थकॅड-१० कार्ड घ्या. ते व्होल्टेजचं फ्रिक्वेन्सीत रूपांतर करतं आणि बाकीचा विचार क्यूटीप्लाझ्मासी सॉफ्टवेअर करतं. मॅक३ हे सॉफ्टवेअर असेल तर प्रोमासारखा वेगळा टीएचसी, जो फक्त ‘वर’, ‘खाली’ आणि ‘आर्क ठीक’ असे तीन सिग्नल देतो. मूळ जीआरबीएल या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये उंचीचा हा प्रकारच नाही, तेव्हा तिथे बोर्ड शोधत बसू नका.

निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: हा बोर्ड प्रत्येक कटच्या सुरुवातीला व्होल्टेज स्वतः मोजून तेच धरून ठेवतो का? इलेक्ट्रोडमधला हाफनियमचा ठिपका झिजत जातो तसं त्याच उंचीला व्होल्टेज वाढतं. ठराविक आकडा धरून चालणारा बोर्ड मग टॉर्च खाली खाली दाबत नेतो. कोपऱ्यावर वेग कमी झाला की उंची गोठवण्याची सोयही हवी, नाहीतर प्रत्येक वळणावर टॉर्च बुडी मारते.

कुठून घ्यायचं

रिले, रेझिस्टर, रीड स्विच आणि २४ व्होल्टचा पुरवठा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हातात घेऊन बघता येतो. रेल, स्टेपर आणि सेन्सर पुण्यातल्याच रोबूकडून ऑनलाइन मागवता येतात. मेसाचं कार्ड परदेशातून आणायचं झालं तर कुरिअर कंपनी केवायसी मागते आणि वर कस्टम ड्यूटी व आयजीएसटी लागतो. तो खर्च बोर्डाच्या किमतीत आधीच धरा.

पहिली चाचणी

आर्क पेटवण्याआधी दोन पेन्सिल सेल मालिकेत जोडून मल्टीमीटरने मोजा आणि त्यांची वायर बोर्डच्या इनपुटला द्या. ५०:१ च्या सेटिंगवर ३ व्होल्टला स्क्रीनवर १५० च्या आसपास दिसायला हवं. ते जुळलं की ३ मिमीच्या पत्र्याच्या एका कडेखाली १० मिमीचा नट ठेवा आणि चढाच्या दिशेने सरळ रेघ कापा. झेडचा आकडा पत्र्याच्या चढाबरोबर वाढत गेला पाहिजे. तो एकाच जागी अडकला किंवा खाली आला, तर आधी सिग्नलच्या दोन वायरींची अदलाबदल झाली आहे का ते तपासा.