कोकणात चळवळीच्या माणसांना भेटायला जाताना

आधी महिना ठरवा, गाव मग. मृग लागला की भाताची पेरणी, मग जुलैअखेरपर्यंत लावणी चालते. तेव्हा शेतकरी सबंध दिवस चिखलात असतो, त्याच्याशी निवांत बोलणं व्हायचं ते भातकापणी-झोडणी उरकल्यावर, नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. रायगडातल्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांचं मात्र बरोबर उलट. दिवाळीनंतर तिथली बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत गेलात तर म्हातारी माणसं आणि बंद दारं भेटतील. वाड्यांसाठी ऑगस्ट ते दिवाळी हा काळ धरा. गणपती आणि शिमगा टाळा. घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात.

सुरुवात महाडपासून करावी. २० मार्चला चवदार तळ्यावर आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाच्या दिवशी तिथे अभिवादनाला लोक येतात. त्या दिवशी जरूर जा, पण मुलाखतीची अपेक्षा ठेवू नका. कार्यकर्ते गर्दीत, व्यवस्थेत गुंतलेले असतात. ओळख करून घ्या, नंबर घ्या, आठवड्याने फोन करा.

जाण्याआधी तळ्याचा कागदोपत्री इतिहास वाचून ठेवा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी दलितांचा पाण्याला हात लागला तो डॉ. आंबेडकरांच्या १९२७ च्या सत्याग्रहात, आणि त्यावरचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघाला १९३७ साली. ठराव आणि ओंजळ यांच्यात इतकं अंतर असतं. ते अंतर कमी करण्यातच इथल्या कार्यकर्त्याचा बहुतेक दिवस जातो: तहसील कचेरी, प्रांत, पुन्हा तहसील.

म्हणून 'तुमच्या समस्या काय?' असं विचारू नका. उत्तर भाषणासारखं येतं. कागद विचारा. वनहक्काचा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरचा, दावा असेल तर तो ग्रामसभेत आहे, उपविभागीय समितीकडे आहे की जिल्हा समितीकडे? नाकारला असेल तर लेखी कारण मिळालं का? अपिलाला ६० दिवस असतात आणि कारण हातात नसल्याने ते निघून जातात. जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असल्याचे पुरावे कोणते जोडलेत? कुळाची जमीन असेल तर सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे? या प्रश्नांवर माणूस पिशवीतून फाईल काढतो, आणि खरं बोलणं तिथून पुढे.

ग्रामसभा बघायची असेल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास आखा. सरपंचांना आधी विचारा, मागे बसा, मध्ये बोलू नका. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, तेव्हा एखादा दिवस हाताशी राखा.

एसटीची वेळ स्टँडच्या चौकशी खिडकीवरच विचारा. शाळेच्या वेळेला जोडलेली फेरी सुट्टीत बंद असू शकते. वस्तीची गाडी संध्याकाळी जाते आणि पहाटे परतते, म्हणजे मुक्काम आलाच. तो आधी ठरवा, दारात उभं राहून नव्हे. जाताना अर्धा किलो साखर आणि पाव किलो चहापावडर न्या. पैसे हातात ठेवू नका, त्याने वाडीत भांडण लागतं.

सगळ्यात जास्त चुकतं ते बायकांच्या बाबतीत. कार्यकर्त्यासोबत खळ्यात बसलात की पुरुष बोलतात, बायका चहा करतात. कार्यकर्ती असेल तर तिच्याबरोबर, संध्याकाळचं पाणी भरून झाल्यावर वेगळा तासभर काढा. पाण्याला किती फेऱ्या लागतात, भट्टीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोणी घेतली आणि ती फिटली का, हे त्याच सांगतात.

दक्षिणेकडे वळणार असाल तर कणकवलीला गोपुरी आश्रमात थांबा. 'कोकण गांधी' अप्पासाहेब पटवर्धनांनी तो उभारला, आणि मैला साफ करण्याचं काम एका जातीवर लादू नये म्हणून ते स्वतः सफाईच्या कामात उतरले. महाडच्या उत्तरेला माणगावजवळ वडघरचं साने गुरुजी स्मारक आहे. दोन्हीकडे आधी कळवून जावं.

खटला चालू असलेल्या माणसाचं नाव, फोटो किंवा वाडीचं नाव त्याला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. जमीनमालकाला किंवा भट्टीवाल्याला ते दिसतं आणि तुम्ही तोवर घरी पोचलेले असता. लिहिलेलं टाकण्याआधी फोनवर वाचून दाखवा. रेंज नसेल तर बाजाराच्या दिवशी करा, त्या दिवशी माणूस तालुक्याला आलेला असतो.