फळछाटणीआधी ओलांड्याची साल उचलून बघा

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे आता द्राक्षाच्या फळछाटणीची, म्हणजे घड येण्यासाठीच्या छाटणीची, गडबड सुरू होईल. मजूर, पेस्ट, खत यांची जुळवाजुळव सगळेच करतात. पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीची आठवण मात्र घडात कापूस दिसला की होते. तोवर मणी दाटलेले असतात, औषध आत पोचत नाही आणि काढणी तोंडावर असल्याने काही मारताही येत नाही.

म्हणून आजच बागेत जा. ओलांड्याच्या, म्हणजे खोडापासून आडव्या नेलेल्या जाड फांदीच्या, खालच्या अंगाची सुटी साल नखाने उचला. कीड तिथेच दडते: गुलाबी अंग, वर पिठाचा थर, शेजारी कापसासारखा पुंजका. एकेका पुंजक्यात शेकडो अंडी असतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली, तर तो वेल आधी तपासा. किडीचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि त्या बदल्यात मित्रकीटकांना तिच्याजवळ फिरकू देत नाहीत. पुढे त्याच चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि मालाला बाजारात भाव मिळत नाही.

सुटी साल हाताने काढून गोळा करा आणि जाळून टाका. बांधावर टाकलीत तर कीड परत बागेतच येणार. साल काढल्यावरच खोड-ओलांडे चिंब भिजतील अशी फवारणी करा. सालीवरून मारलेलं औषध वाया जातं. औषध निवडताना पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी बघा, निर्यातीचा माल असेल तर नक्कीच.

एक चूक फार होते. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळीही पांढरी, पिठाळ असते. लोक तिलाच कीड समजून चिरडतात. ढेकूण जेमतेम ३ मिलिमीटरचा, जागचा फारसा हलत नाही. अळी त्याच्या तिप्पट-चौपट मोठी होते, अंगावर लांब पांढरे धागे असतात आणि डिवचली की चालू लागते. ती दिसली तर त्या वेलींवर कडक औषध मारू नका, हात जोडून सांगतो.

छाटणीनंतर काडीवरचे डोळे फुगताना ते कुरतडणारे उडद्या भुंगेरे शोधा. फुलोऱ्यात घड पांढऱ्या कागदावर झटकून फुलकिडे बघा.

आणि घरापुढची जास्वंद, विहिरीवरची भेंडी तपासायला विसरू नका. हाच ढेकूण तिथे वर्षभर पोसतो. शेंडे गुच्छासारखे आखडलेले दिसले, तर कापून पिशवीत भरा आणि जाळा.