फोर्टीमॅनेजर पॅच केला म्हणजे काम संपलं? या चुका टाळा

फोर्टीमॅनेजर म्हणजे फोर्टिनेट कंपनीच्या फोर्टीगेट फायरवॉल एका जागेवरून सांभाळणारी सिस्टिम. त्यातला सीव्हीई-2024-47575 हा बग 23 ऑक्टोबर 2024 ला जाहीर झाला, धोक्याचा स्कोर 10 पैकी 9.8, आणि बऱ्याच ठिकाणी अपडेट मारून तिकीट क्लोज केलं गेलं. सगळ्यात मोठी चूक हीच. मँडियंट या सायबर सिक्युरिटी कंपनीच्या तपासात पहिला हल्ला 27 जून 2024 चा निघाला, म्हणजे बग जाहीर व्हायच्या जवळजवळ चार महिने आधीचा, त्यामुळे तुमचा बॉक्स त्या काळात नेटवर उघडा असेल तर पॅचने दार बंद झालं खरं पण आधी आत कोण येऊन गेलं ते पॅच सांगत नाही.

आणि हल्लेखोरांनी नेलं काय ते नीट समजून घ्या. ज्या फायरवॉल या फोर्टीमॅनेजरवरून चालतात त्यांच्या कॉन्फिग फाइल्स, आयपी, युजर आणि पासवर्डचे हॅश, म्हणजे पासवर्डची सांकेतिक रूपं. त्यामुळे नुसता फोर्टीमॅनेजरचा ॲडमिन पासवर्ड बदलून भागत नाही, त्याच्याखालच्या प्रत्येक फोर्टीगेटचे पासवर्ड बदलावे लागतात, लोकल युजर, व्हीपीएनच्या प्री-शेअर्ड की (दोन्ही टोकांना आधीच दिलेली गुप्त की), सगळंच. कंटाळवाणं काम आहे, दोनशे फायरवॉल असतील तर आठवडा जाईल, पण हे टाळू नका.

लॉग बघताना लोक फेल झालेले लॉगिन शोधत बसतात. इथे लॉगिन लागतच नव्हतं, फोर्टीगेट आणि फोर्टीमॅनेजरला जोडणाऱ्या एफजीएफएम सर्व्हिसमध्ये ऑथेंटिकेशनच, म्हणजे ओळखीची तपासणीच, राहून गेली होती. शोधायचं ते लोकलहोस्ट नावाचं अनरजिस्टर्ड डिव्हाइस ॲड झाल्याची एंट्री, आणि टेम्प फोल्डरमध्ये डॉट टीएम (.tm) नावाची फाइल. सापडलं तर घाईने काही पुसू नका, आधी कॉपी काढून ठेवा, मग नवीन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) उभा करा. बॅकअप रिस्टोर करायचा तर हल्ल्याच्या आधीचाच घ्या, कालचा बॅकअप टाकलात तर बिघडवलेलं कॉन्फिगच परत येईल.

"आमच्याकडे सर्टिफिकेट लागतं, बाहेरचा कोण जोडणार" असं म्हणणारे पण भेटतात. कुठल्यातरी दुसऱ्याच फोर्टीगेटमधलं व्हॅलिड सर्टिफिकेट वापरून पण जोडता येत होतं, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. एफजीएफएमचा टीसीपी 541 पोर्ट फक्त आपल्या फायरवॉलच्या आयपींना उघडा ठेवा, बाकी सगळ्यांना बंद, हे पॅच झाल्यावर पण.

व्हर्जन तपासताना फक्त पहिला आकडा बघून सोडू नका. 7.6 ला 7.6.1, 7.4 ला 7.4.5, 7.2 ला 7.2.8, 7.0 ला 7.0.13, 6.4 ला 6.4.15 आणि 6.2 ला 6.2.13, याच्या खालचं काहीही चालणार नाही.

लगेच अपग्रेड जमत नव्हतं तेव्हा बऱ्याच जणांनी एफजीएफएम-डिनाय-अननोन हे अनोळखी डिव्हाइस अडवणारं सेटिंग चालू केलं, ते 7.6.0 वर चालत नाही हे लक्षात असू द्या. आणि नंतर नवीन शाखेतला फोर्टीगेट काही केल्या जोडला जात नाही, प्री-शेअर्ड की बरोबर असून पण, अशी तक्रार आली तर केबल आणि राउटिंग तपासत बसू नका, सिरीयल नंबर लिस्टमध्ये नसेल तर हे सेटिंग त्याला आत घेतच नाही. सेटिंग बंद करायची गरज नाही, तो सिरीयल नंबर आधी हाताने ॲड करा.