गोव्यात बसून अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलची कॉन्फरन्स टूर्नामेंट कशी बघायची

कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचा गट, सीझनच्या शेवटी हे गट आपापली टूर्नामेंट घेतात. आधी घड्याळ. मे महिन्यात अलाबामापेक्षा आपण साडेदहा तास पुढे असतो, त्यामुळे तिथल्या हूवर गावात एसईसी म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्सची टूर्नामेंट होते तिथली सकाळी साडेनऊची मॅच आपल्याला रात्री आठला जेवता जेवता बघता येते, पण तिथली संध्याकाळी साडेपाचची मॅच म्हणजे आपली पहाट, पोदेर म्हणजे पाववाला भोंपू वाजवत दारात येतो तेव्हा नऊपैकी सातवी इनिंग चाललेली असते.

दुसरं, नॉकआउट आहे की डबल एलिमिनेशन ते आधीच बघून घ्या. आपल्याकडे वाड्यावरच्या टेनिस बॉल टूर्नामेंटमध्ये हरला की किट उचलून घरी, तसंच असणार म्हणून पहिल्या वर्षी भाच्याच्या कॉलेजची टीम हरल्यावर मी लॅपटॉप बंद करून झोपलो, आणि दोन दिवसांनी भाचा फोनवर विचारतो, मामा फायनल बघितली काय! डबल एलिमिनेशनमध्ये दोनदा हरल्यावरच बाहेर. एसईसीने 2025 पासून सोळाही टीम घेऊन सरळ नॉकआउट केलंय, पण बऱ्याच छोट्या कॉन्फरन्समध्ये अजून डबलच असतं. मी ड्रॉ कालनिर्णयच्या मे महिन्याच्या पानावरच लिहितो, दुधाच्या हिशोबाशेजारी.

आता खरी गंमत. स्कोअरपेक्षा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, बघा. मेन पिचरने शंभरेक बॉल टाकले की त्याच्या हाताला चार-पाच दिवस तरी आराम लागतो, आणि सीझनभर मुख्य मॅच शुक्र-शनि-रवि अशा तीनच असल्यामुळे टीमकडे सुरुवातीला घालण्यासारखे पिचर साधारण तीनच असतात. टूर्नामेंटमध्ये आठवड्यात चार-पाच मॅच पडल्या की कोच कुणाला घालणार? म्हणून प्रत्येक मॅचनंतर कुणी किती बॉल टाकले ते लिहून ठेवा, कॉन्फरन्सच्या साइटवर लाइव्ह स्टॅट्समध्ये बघायला मिळतं, व्हिडिओ नसला तरी चालतं.

मोठ्या टीमचं एनसीएएचं, म्हणजे पुढच्या देशपातळीवरच्या कॉलेज टूर्नामेंटचं, तिकीट बहुतेक आधीच पक्कं असतं, त्यामुळे तिचा कोच कधीकधी आपला हुकमी पिचर पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवतो, हरला तरी त्याला फारसं काही वाटत नाही. छोट्या कॉन्फरन्समध्ये मात्र जिंकणाऱ्यालाच थेट प्रवेश, बाकीच्यांचा सीझन बहुतेक तिथेच संपला. त्यामुळे एकच मॅच बघायला वेळ असेल तर मी सांगेन छोट्या कॉन्फरन्सची फायनल बघा, नावं ओळखीची नसली तरी, कारण तिथे परवा खेळलेला पिचरही नवव्या इनिंगला परत उभा राहतो आणि पोरं अक्षरशः जीव टाकून खेळतात.

बॅटचा टिंग आवाज ऐकून दचकू नका, कॉलेजात लाकडी नाही, मेटलची बॅट चालते. सात इनिंगनंतर दहा रनांचा फरक असला की बहुतेक ठिकाणी मॅच तिथेच संपवतात. आणि वीज चमकली की खेळ बंद, शेवटची वीज चमकल्यापासून तीस मिनिटं जावी लागतात, मधे परत चमकली की मोजणी पहिल्यापासून. इकडे मे अखेरीला गडगडायला लागलं की आपलाही करंट जातो, तेव्हा मोबाइल चार्ज करून ठेवा.

रविवारी बहुतेक फायनल उरकतात. सोमवारी आपल्याकडे रात्री साडेनऊच्या सुमारास एनसीएएच्या 64 टीमांची यादी लागते, तेव्हा कालनिर्णयचं ते पान हाताशी ठेवा, कुठल्या टीमचा पिचर अजून ताजा आहे ते तुम्हाला आधीच माहीत असेल.