ब्लेझारचं मॉडेल बसवताना या चुका टाळा

कोल्हापुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की मार्केरियन 421 चा वर्णपट घेऊन कुणी ना कुणी माझ्याकडे येतंच. विषय उत्तम आहे. मार्केरियन 421 हा ब्लेझार, म्हणजे सक्रिय दीर्घिकेच्या कृष्णविवराजवळून निघणारा झोत जवळजवळ थेट आपल्या दिशेने रोखलेला, आणि रेडिओपासून टीईव्ही, म्हणजे अतिउच्च ऊर्जेच्या, गॅमा किरणांपर्यंतची मोजमापं हाताशी. झोतातल्या एका प्रदेशातून हा प्रकाश येतो असं धरून मॉडेलचा वक्र त्या बिंदूंवर बसवायचा, म्हणजेच फिट करायचा. चुका मात्र दरवर्षी त्याच.

सगळ्यात मोठी चूक तारखांची. एका विद्यार्थिनीने क्ष-किरणांचे बिंदू फ्लेअरच्या, म्हणजे तेज अचानक वाढलेल्या, रात्रीचे घेतले होते आणि फर्मी या अवकाश दुर्बिणीचे गॅमा किरण कित्येक वर्षांच्या सरासरीचे. राजाराम बंधाऱ्यावरची पुरातली पातळी आणि वर्षभराचा सरासरी पाऊस एका हिशेबात धरावा, तसं हे. फिट बसेना. तिने डॉप्लर गुणक (झोताच्या वेगामुळे प्रकाश किती तीव्र दिसतो ते ठरवणारा आकडा) 20 वरून 80 वर नेला, तरी बसेना. मग उत्सर्जनाचा दुसरा प्रदेश जोडला. "सर, आता बसलं!" बसणारच, पॅरामीटर दुप्पट झाले होते. मी विचारलं, "हे क्ष-किरणांचे बिंदू कुठल्या तारखेचे?" फाइलमध्ये तारखेचा रकानाच नव्हता. फर्मीचा डेटा त्या फ्लेअरभोवतीच्या दिवसांपुरता नव्याने काढला, तेव्हा एकाच प्रदेशात, गुणक पंचविशीच्या आत ठेवून, वक्र बसला. तेव्हापासून प्रत्येक बिंदूपुढे तारीख लिहिल्याशिवाय मी कुणाला कोड उघडू देत नाही.

दुसरी चूक, प्रदेशाची त्रिज्या मनाने ठरवायची. प्रकाश बदलायला लागणारा वेळ गुणिले प्रकाशाचा वेग गुणिले डॉप्लर गुणक, भागिले एक अधिक रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणामुळे तरंगलांबीत होणारी वाढ). त्रिज्या याहून मोठी असूच शकत नाही. एका दिवसात बदल दिसत असेल आणि गुणक 20 असेल, तर मार्केरियन 421 साठी ही मर्यादा सुमारे 5×10¹⁶ सेंटीमीटर येते. जुलै 2006 मध्ये पीकेएस 2155-304 हा ब्लेझार तर साधारण 200 सेकंदांत बदलताना एचईएसएस या गॅमा किरण दुर्बिणींनी पाहिला. तिथे गुणक 50 धरला तरी 3×10¹⁴ सेंटीमीटरच्या आतच राहावं लागतं. हे गणित वहीत दोन ओळींत होतं, आणि तेवढाही धीर नसलेली मुलं थेट ऑटोमॅटिक फिटचं बटण दाबतात. आधी हाताने वक्र बसवा. कुठला पॅरामीटर काय हलवतो ते त्याशिवाय कळत नाही.

इलेक्ट्रॉनांवरून प्रकाश विखुरण्याचं थॉमसनचं साधं सूत्र टीईव्ही भागात चालत नाही, उच्च ऊर्जेसाठीचं क्लाइन-निशिना लागतंच. वरच्या मर्यादा (काही सापडलं नाही तिथे दिलेली कमाल शक्य तीव्रता) म्हणजे मोजलेले बिंदू नव्हेत. मार्केरियन 501 या ब्लेझारच्या दृश्य प्रकाशात यजमान दीर्घिकेचाही प्रकाश असतो, तो वजा करा. आंतरदीर्घिकीय पार्श्वप्रकाश वाटेत गॅमा किरण शोषतो, त्याची दुरुस्ती डेटात आधीच केलेली आहे का ते बघा, नाहीतर ती दोनदा होते.

आणि प्रोटॉन. 22 सप्टेंबर 2017 ला आइसक्यूब या अंटार्क्टिकातल्या शोधकात न्यूट्रिनो हा कण आला, त्याचा माग टीएक्सएस 0506+056 या ब्लेझारकडे गेला. न्यूट्रिनो तयार व्हायला झोतात प्रोटॉन लागतात, म्हणून तेव्हापासून ज्याला त्याला मॉडेलमध्ये प्रोटॉन घालायची घाई. आधी नुसत्या इलेक्ट्रॉनांचं फिट दाखवा. मग प्रोटॉनांमुळे होणारा कॅस्केड (एकातून एक कण तयार होत जाण्याची साखळी) यातला प्रकाश क्ष-किरणांच्या बिंदूंवर चढतो का ते तपासा, आणि झोताची एकूण शक्ती काढा. 10⁹ सौर वस्तुमानाच्या कृष्णविवराला एडिंग्टन मर्यादा (प्रकाशाचा दाब गुरुत्वाकर्षणाला तोलतो ती शक्ती) सुमारे 1.3×10⁴⁷ अर्ग प्रति सेकंद असते. झोताची शक्ती तिच्या शंभरपट निघाली, तर मी ते फिट स्वीकारत नाही, वक्र कितीही सुंदर बसलेला असो.