चामडं तुटेपर्यंत किती ताणतं? मोजताना या चुका टाळा

एकच नमुना, एकच आलेख. एकाच्या वहीत ४४ टक्के, दुसऱ्याच्या वहीत २०. अशा वेळी शिव्या मशीनला बसतात. खरी गोची भागाकारात असते.

चामडं ताणून तोडण्याच्या आयएसओ ३३७६ या आंतरराष्ट्रीय पद्धतीतला नेहमीचा नमुना डंबेलच्या आकाराचा, ११० मिमी लांब, कमरेला १० मिमी रुंद. पण हिशेबात धरायचे ते ५० मिमी, म्हणजे नमुना धरणाऱ्या मशीनच्या दोन जबड्यांमधलं सुरुवातीचं अंतर. ते ७२ झाल्यावर नमुना तुटला, तर वाढ २२ मिमी आणि टक्के ४४. नवशिका २२ ला ११० ने भागतो आणि २० लिहून मोकळा होतो.

त्याहून लबाड चूक म्हणजे घसरण. तेलकट, मऊ चामडं जबड्यातून हळूच सरकतं आणि मशीन तेही ताणात मोजतं. म्हणून नमुना आवळल्यावर दोन्ही जबड्यांच्या कडेला बॉलपेनने रेघ मारा. तुटल्यावर रेघा तीन-तीन मिमी बाहेर आलेल्या दिसल्या, तर ६ मिमी, म्हणजे १२ टक्के फुकटचे! ते वजा करत बसू नका. जबडे पुसा, नवा नमुना लावा. उलट फार आवळलं तर नमुना जबड्याच्या तोंडाशीच तुटतो. तोही आकडा बाद.

नमुना कापला कुठून, हेही बघा. पोटाकडचं चामडं सैल विणीचं, ते भरपूर ताणतं, कण्याजवळचं घट्ट. शिवाय कण्याला समांतर आणि आडवं, दोन्ही दिशांचे नमुने हवेत. बूट कापणारा कारागीर हात लावून ताण कुठल्या बाजूला आहे ते ओळखतो. आपण मात्र सगळ्याची एकच सरासरी काढून ते झाकून टाकतो. आकडे दिशेप्रमाणे वेगळे लिहा.

नमुना कापायचा डाय, म्हणजे धारदार साचा, बोथट असेल तर कडेला बारीक चीर राहते आणि नमुना तिथूनच लवकर फाटतो. कात्रीने कापणं तर नकोच.

पावसाळ्यात एसी बंद ठेवून चाचणी घेऊ नका. दमट चामडं जास्त ताणतं. साच्यावर चढवण्याआधी बुटाचं चामडं ओलसर करतात ते त्यासाठीच. नमुने २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत किमान एक दिवस ठेवून मगच मशीनला लावा.

आणि बुटाच्या वरच्या चामड्याला हा एकच आकडा पुरत नाही. वरचा गुळगुळीत थर आधी तडकतो, खालचे तंतू नंतर तुटतात. तो तडा बघायला गोळीने खालून दाबणारी चाचणी वेगळी घ्यावी लागते.